डुमन्याचा मनोरा आणि दुरून पाहणारे डोळे

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



या मेळाव्यासाठी आलेल्यांपैकी अनेकांनी जबलपूरच्या भूमीवर पहिले पाऊल ठेवले ते डुमना विमानतळावर. ज्यांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी शाळा सोडली, त्यांना हा विमानतळ ओळखू येणार नाही. १० मार्च २०२४ रोजी नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. सुमारे दोन किलोमीटरची धावपट्टी वाढून पावणेतीन किलोमीटरची झाली. शेजार मात्र जुनाच राहिला आहे. विमानतळाला लागून डुमन्याचे निसर्ग उद्यान आहे, खंदारीचा जलाशय आहे, चितळ आहेत, मोर आहेत आणि रानडुकरेही आहेत. शाळेच्या सहली ज्या झाडीत जात असत, त्याच झाडीच्या कडेला आज विमाने उतरतात.

या शेजाराची किंमत एकदा मोजावी लागली. ४ डिसेंबर २०१५ च्या संध्याकाळी मुंबईहून आलेले बम्बार्डिअर क्यू-४०० जातीचे विमान डुमन्याला उतरत असताना धावपट्टीवर रानडुकरांचा कळप आला. विमान त्यांच्यावर आदळले, धावपट्टी सोडून बाजूला गेले आणि त्याचे डावे चाक मोडून पडले. सुदैवाने सर्व प्रवासी सुखरूप बाहेर आले. दिवस असता तर कदाचित कोणाच्या तरी नजरेस तो कळप पडला असता. डिसेंबरमध्ये सातच्या सुमारास अंधार दाट असतो. धावपट्टीच्या कडेचे दिवे वैमानिकाला पट्टीची सीमा दाखवतात. मधला डांबरी भाग ते उजळून टाकत नाहीत. नियंत्रण मनोऱ्यातील माणसाच्या हातात दुर्बीण असते, पण काळोखातील काळा प्राणी दुर्बिणीलाही दिसत नाही.

मनोऱ्यातील त्या माणसाचे काम काय असते, हे विमानाने नेहमी प्रवास करणाऱ्यांनाही क्वचितच ठाऊक असते. त्याच्या खोलीला चहूबाजूंनी काच असते, आणि ती उगीच नसते. उतरणाऱ्या विमानाला परवानगी देण्यापूर्वी धावपट्टी मोकळी असल्याची खात्री त्याला करावी लागते, आणि ती खात्री मुख्यतः डोळ्यांनी होते. आकाशाच्या उंच भागातील वाहतूक रडारवर दिसते. जमिनीवर गवत कापणारा ट्रॅक्टर, चुकलेले कुत्रे, गिधाडांचा थवा, उड्डाण करणाऱ्या विमानाच्या इंजिनातून निघणारा धूर या गोष्टी पाहण्यासाठी उंच जागा, स्वच्छ काच आणि जागरूक नजर हीच साधने शंभर वर्षे पुरली. लंडनजवळच्या क्रॉयडन येथे १९२० साली उभारलेला मनोरा हा जगातील पहिला समजला जातो. अमेरिकेत सेंट लुइसच्या विमानतळावर १९२९ साली आर्ची लीग नावाचा गृहस्थ एका हातगाडीत खुर्ची, छत्री, पिण्याचे पाणी आणि जेवणाचा डबा घालून धावपट्टीच्या टोकाशी जाऊन बसे आणि वैमानिकांना निशाणे दाखवीत असे. एक निशाण ‘जा’ म्हणण्यासाठी, दुसरे ‘थांब’ म्हणण्यासाठी. हवाई वाहतूक नियंत्रणाच्या इतिहासात त्याचे नाव आदराने घेतले जाते. गाडीतली छत्री गेली, काचेची खोली आली, एवढाच फरक पुढे अनेक दशके पडला.

डुमन्यावर रानडुकरांचा प्रसंग घडला त्याच वर्षी, आठ महिन्यांहून थोडे कमी आधी, स्वीडनमध्ये एक वेगळी गोष्ट घडली होती. २१ एप्रिल २०१५ रोजी एर्नशेल्ड्सविक या लहान गावाच्या विमानतळाचे नियंत्रण सुंड्सवाल या दुसऱ्या गावातील एका बंद खोलीतून सुरू झाले. दोन्हींमधील अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जबलपूरहून मैहरला जावे तेवढे. विमानतळावर एक उंच खांब उभा केला गेला आणि त्याच्या माथ्यावर चौफेर पाहणारे कॅमेरे बसवले. त्या कॅमेऱ्यांची चित्रे ऑप्टिकल फायबरमधून सुंड्सवालला जातात, तिथे एकमेकांना जोडली जातात आणि नियंत्रकाच्या समोर अर्धवर्तुळात मांडलेल्या पडद्यांवर काचेच्या खोलीतून दिसावे तसे दृश्य उभे राहते. दुर्बिणीच्या जागी हवे तिकडे वळणारा आणि दूरचे जवळ आणणारा कॅमेरा असतो. विमानतळावरचे आवाजही मायक्रोफोनमधून खोलीत येतात, कारण इंजिनाचा बदललेला सूर ऐकून अनुभवी नियंत्रक बरेच काही ओळखतो. विमानाचा रेडिओ बंद पडला तर मनोऱ्यातून हिरवा-तांबडा प्रकाश दाखवण्याची जुनी पद्धत आहे. तो दिवाही खांबावर बसवता येतो आणि दुरून फिरवता येतो. भिंगावर किडे आणि पाण्याचे थेंब बसू नयेत म्हणून ते आपोआप साफ होण्याचीही सोय असते. ही शेवटची गोष्ट ऐकायला क्षुल्लक वाटते. पण जबलपूरच्या पावसाळ्यात दिव्याभोवती उडणाऱ्या पाखरांची ज्यांना आठवण आहे, त्यांना तिचे महत्त्व सांगायला नको.

पुढे जर्मनीत २०१८ च्या डिसेंबरमध्ये झारब्रुकेनचा विमानतळ सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर असलेल्या लाइपझिगहून चालवला जाऊ लागला. नॉर्वेने समुद्रातील रोस्त बेटापासून सुरुवात करून आपले लहान विमानतळ बोडो येथील केंद्राला जोडण्यास घेतले. आणि २०२१ मध्ये खुद्द लंडन शहरातील सिटी विमानतळाने आपला जुना मनोरा बंद करून ५० मीटर उंच खांब आणि त्यावरचे १६ कॅमेरे यांच्यावर भिस्त ठेवली. त्याचे नियंत्रक आता हॅम्पशायरमधील स्वॉनिक येथे बसतात.

हे सारे ऐकल्यावर पालकांच्या मनात पहिली शंका येते ती अशी: जो माणूस तिथे नाही, त्याच्या शब्दावर शंभर माणसांचे प्राण कसे सोपवावेत? ही शंका योग्य आहे, पण जबलपूरला ती नवी नाही. ७ मार्च १८७० रोजी मुंबईकडून आलेला लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग या शहरात एकमेकांना मिळाले, आणि तेव्हापासून या शहराचे कित्येक संसार रेल्वेच्या आधाराने उभे राहिले. या शाळेच्या जुन्या हजेरीपटात वडिलांचा व्यवसाय ‘रेल्वे’ असा लिहिलेली नावे पानोपानी सापडतील. त्या घरांतील मुलांना हे ठाऊक असते की स्टेशनमास्तर गाडी सोडतो तेव्हा पुढच्या स्टेशनापर्यंतचा मार्ग त्याला दिसत नसतो. पूर्वी एकेरी मार्गावर इंजिनाच्या चालकाला वेताच्या कड्यात घातलेला एक लोखंडी गोळा दिला जाई. तो गोळा ज्या यंत्रातून निघे, ते यंत्र पुढच्या स्टेशनावरील जोडीदार यंत्राशी तारेने बांधलेले असे. एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हींपैकी कोणत्याही यंत्रातून दुसरा निघू शकत नसे. स्टेशनमास्तर झोपाळलेला असो की चिडलेला, यंत्र त्याला चूक करू देत नसे. न पाहता सुरक्षित राहण्याची ही युक्ती होती आणि तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांनी निर्धास्त प्रवास केला.

विमानाच्या प्रवासातही न पाहणाऱ्याचा शब्द मानण्याची सवय जुनीच आहे. वैमानिक आकाशात असताना ज्या नियंत्रकाशी बोलतो, तो शेकडो किलोमीटर दूर बसलेला असतो; त्याचा आवाज ठिकठिकाणी उभारलेल्या रेडिओ केंद्रांमधून विमानापर्यंत पोहोचवला जातो. प्रवासाचा शेवटचा आणि पहिला तुकडा, म्हणजे धावपट्टी, एवढाच प्रत्यक्ष डोळ्यांच्या स्वाधीन राहिला होता. दूरस्थ मनोऱ्याने हात घातला आहे तो या तुकड्याला.

मग त्यात धोका कुठे आहे? चित्र दिसेनासे झाले तर नियंत्रकाला लगेच कळते. तो उड्डाणे थांबवतो, येणाऱ्या विमानाला घिरट्या घालायला सांगतो किंवा दुसऱ्या विमानतळाकडे पाठवतो. प्रवाशांचा खोळंबा होतो, एवढेच. खरे भय आहे ते गोठलेल्या चित्राचे. पडद्यावर मोकळी धावपट्टी दिसत आहे, गवत हिरवे आहे, आकाश निळे आहे, आणि ते दृश्य अर्ध्या मिनिटापूर्वीचे आहे. काच कधी अशी फसवत नाही. म्हणून चित्र गोठले तर यंत्रणेने ते स्वतःहून ओळखून नियंत्रकाला सावध केले पाहिजे, अशी अट या तंत्रज्ञानाच्या युरोपीय मानकात आहे. दृश्य कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत पोहोचायला एका सेकंदापेक्षा जास्त वेळ लागू नये, अशीही आहे. लंडन सिटीच्या बाबतीत चित्रे एकाच वाटेने न पाठवता तीन स्वतंत्र फायबरमार्गांनी पाठवली जातात. आपल्याकडे रस्ता खणताना एका फावड्याने अख्ख्या मोहल्ल्याचा टेलिफोन बंद पडल्याचे प्रसंग सर्वांनी अनुभवले आहेत. तेव्हा हा तीनचा आकडा भारतात हौसेचा ठरणार नाही.

याहून अवघड प्रश्न माणसांचा आहे. दूरस्थ मनोरे उभारणाऱ्यांचा मोठा युक्तिवाद खर्चाचा असतो. ज्या विमानतळावर दिवसातून मोजकीच विमाने येतात, तिथेही पाळ्यांनुसार नियंत्रक ठेवावे लागतात आणि त्यांचा बराचसा वेळ वाट पाहण्यात जातो. चार-पाच विमानतळ एका केंद्राला जोडले तर तीच माणसे आळीपाळीने सर्वांना पुरतात. इथपर्यंत हिशेब रास्त आहे. पण हिशेबाची पुढची पायरी अशी येते की एकाच नियंत्रकाने एकाच वेळी दोन किंवा तीन विमानतळ पाहावेत. इथे १ जुलै २००२ ची रात्र आठवावी लागते. जर्मनीतील यूबर्लिंगेन गावाच्या आकाशात दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि ७१ जण मृत्यू पावले. त्यांत बहुतांश रशियातून सुट्टीला निघालेली शाळकरी मुले होती. त्या आकाशाचे नियंत्रण झुरिचहून होत होते. जोडीदार विश्रांतीला गेल्याने एकच नियंत्रक दोन पडद्यांपुढे काम करीत होता. फ्रीडरिक्सहाफेन या लहान विमानतळावर उशिरा उतरणारे एक विमान तो सांभाळत होता आणि देखभालीच्या कामामुळे तिथे लागणारा टेलिफोन लागत नव्हता. त्या लहानशा कामात त्याची मिनिटे गेली. तो दूरस्थ मनोरा नव्हता, पण एका माणसाच्या दोन जागी वाटल्या गेलेल्या लक्षाची ती गोष्ट आहे, आणि एकावर अनेक विमानतळ सोपवू पाहणाऱ्या प्रत्येक कार्यालयात ती वाचली गेली पाहिजे. चाळीस मुलांचा वर्ग आणि शेजारचा रिकामा वर्ग एकाच वेळी सांभाळावा लागलेल्या कोणत्याही शिक्षिकेला याचे वेगळे स्पष्टीकरण लागणार नाही.

आणखी एक बाजू स्कॉटलंडच्या बेटांवरील लोकांनी जगापुढे आणली. तेथील सरकारी विमानतळ कंपनीने ऑर्कनी, शेटलंड, स्टॉर्नोवे अशा दूरच्या विमानतळांचे नियंत्रण इन्व्हर्नेसच्या एका केंद्रात आणण्याचे ठरवले. बेटांवर याचा काय परिणाम होईल याची पाहणी झाली, तेव्हा असे दिसले की चांगल्या पगाराच्या, कौशल्याच्या मोजक्या नोकऱ्या बेटे सोडून जातील आणि त्यांच्याबरोबर ती कुटुंबेही जातील. नियंत्रकांनी २०२१ मध्ये संप केला आणि अखेरीस दूरस्थ मनोऱ्यांचा बेत बाजूला ठेवावा लागला. अमेरिकेतही व्हर्जिनियातील लीसबर्ग येथील प्रयोग २०२३ मध्ये थांबवून तिथे माणसे बसलेला मनोरा आणला गेला. म्हणजे हे तंत्रज्ञान एकाच दिशेने वाहत चालले आहे, असे समजण्याचे कारण नाही.

डुमन्याच्या संदर्भात विचार करताना एका गोष्टीचा घोटाळा होऊ देता कामा नये. कॅमेरे येणे आणि माणूस जाणे या दोन गोष्टी एकाच गठ्ठ्यात बांधून सांगितल्या जातात. त्या वेगवेगळ्या आहेत. उष्णतेवरून पाहणाऱ्या अवरक्त कॅमेऱ्याला अंधारातील जनावर त्याच्या अंगाच्या उबेमुळे उजळ ठिपक्यासारखे दिसते. दाट धुक्यात त्याचीही मात्रा फारशी चालत नाही, हे मान्य. पण स्वच्छ काळोख्या रात्री तो माणसाच्या डोळ्याला खूप मागे टाकतो. असा कॅमेरा डुमन्याच्या धावपट्टीवर लावायचा असेल तर नियंत्रकाला डुमन्याहून उठवण्याची मुळीच गरज नाही. तो पडदा त्याच मनोऱ्यात, त्याच काचेशेजारी ठेवता येतो. जबलपूरसारख्या, आता मोठ्या विमानांसाठी सज्ज झालेल्या विमानतळासाठी हीच मागणी सर्वांत शहाणपणाची ठरेल.

आजूबाजूच्या प्रदेशाचा विचार मात्र थोडा निराळा आहे. केंद्र सरकारची उडान योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली आणि त्यानंतर लहान गावांच्या विमानतळांची संख्या झपाट्याने वाढली. रीवा येथे २० ऑक्टोबर २०२४ रोजी, सतना आणि दतिया येथे ३१ मे २०२५ रोजी विमानतळांची उद्घाटने झाली. खजुराहो पूर्वीपासून आहेच. अशा ठिकाणी वाहतूक विरळ असते, अनुभवी माणूस तिथे टिकत नाही, आणि काही धावपट्ट्यांवर वैमानिकाला वारा व हवामान यांची माहिती देण्यापलीकडे कोणतीही सेवा देणे परवडत नाही. जिथे नजरच नव्हती, तिथे दुरून का होईना नजर पोहोचत असेल, तर तो निव्वळ लाभ आहे. समजा, उद्या विंध्य आणि महाकोशलातील अशा पाच-सहा विमानतळांसाठी एक केंद्र उभारायचे ठरले, तर ते कुठे असावे?

इथे जबलपूरकरांच्या जुन्या जखमेला हात लागतो. मध्य प्रांताच्या काळात कारभार नागपुरातून चाले. आज इथे स्थायिक असलेल्या मराठी कुटुंबांपैकी कितीतरी त्या काळातील बदल्यांमुळे इकडे आली. १९५६ मध्ये नव्या राज्याची राजधानी भोपाळला गेली आणि जबलपूरला उच्च न्यायालय मिळाले. आपल्या गावाविषयीचे निर्णय दुसऱ्या गावात होताना पाहण्याची सवय या शहराला आहे, आणि ती फारशी सुखाची नाही. दूरस्थ केंद्र भोपाळला किंवा दिल्लीला झाले तर जबलपूर हे पडद्यावर पाहिले जाणारे गाव होईल. ते इथे झाले तर जबलपूर पाहणारे गाव होईल. हा हट्ट निराधार ठरणार नाही. ज्या दूरसंचाराच्या तारेवर ही सारी रचना लोंबकळते, त्याचे प्रशिक्षण देणारी देशातील मोठी संस्था, आताची भारतरत्न भीमराव आंबेडकर दूरसंचार प्रशिक्षण संस्था, १९४२ पासून याच शहरात आहे. पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय इथे आहे. दुरून, न पाहता, जबाबदारीने वाहतूक चालवणारी माणसे या शहराने आधीच घडवली आहेत.

आणि पुढेही घडतील. हवाई वाहतूक नियंत्रक होण्यासाठी भौतिकशास्त्र व गणित घेऊन विज्ञानाची पदवी किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या स्पर्धापरीक्षेनंतर आवाजाची आणि प्रकृतीची तपासणी होते. प्रशिक्षणाची केंद्रे प्रयागराज, हैदराबाद आणि गोंदिया येथे आहेत. गोंदिया म्हणजे काही परदेश नव्हे. इथल्या ज्येष्ठांनी नैनपूर-बालाघाटच्या छोट्या गाडीतून, खिडकीतून झाडाची पाने हाताला लागत असताना, ज्या गोंदियाचा प्रवास केला, तेच हे गोंदिया. पालक दबक्या आवाजात विचारतात की मराठी माध्यमातील मुलाला तिथे इंग्रजी झेपेल का. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे भाषेच्या सहा पायऱ्या असतात आणि नियंत्रकाला किमान चौथी गाठावी लागते. तिथे कसोटी लागते ती ऐकलेले अचूक समजण्याची आणि ठरलेल्या शब्दांत स्पष्ट बोलण्याची. त्या बोलीत इंग्रजांनाही आपले उच्चार बदलावे लागतात: तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाइफ’, नऊला ‘नाइनर’. रेडिओच्या खरखरीत एका अंकाचा दुसरा अंक ऐकू येऊ नये, म्हणून ही काळजी. जी मुले पाढे मोठ्याने आणि शुद्ध म्हणत वाढली, त्यांना या शिस्तीची भीती वाटायचे कारण नाही.

मनोरा कुठेही गेला तरी डुमन्यावरची काही कामे हलणार नाहीत. अग्निशमनाची गाडी तिथेच उभी राहील, कारण आग दुरून विझत नाही. धावपट्टीवर नट-बोल्ट, दगड, मेलेला पक्षी पडला आहे का, हे पाहत तपासणीची जीप पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात राहील. आणि एखाद्या डिसेंबरच्या संध्याकाळी पडद्यावर कुंपणाशी पाच-सहा उजळ ठिपके हलताना दिसले, तर नियंत्रक, तो डुमन्यावर असो की आणखी कुठे, विमानाला वर थांबायला सांगेल आणि त्या जीपच्या चालकाला हाक देईल. दिवे लावून, भोंगा वाजवत, रानडुकरांना झाडीत पिटाळायला जाणारा माणूस मात्र जबलपूरचाच असेल.